एडिसन ते सॅन फ्रान्सिस्को: स्टेपनीसकट

१२ जानेवारी

आज या कामाची वही उघडली. गाडी माझदा एमएक्स-५ मियाटा, २०१७ चं मॉडेल, दोन सीट, सहा गिअर, हाताने उघडायचं कापडी छत. ऑक्टोबरमध्ये सेकंडहँड घेतली तेव्हाच मनात होतं: जूनमध्ये अण्णांना शेजारी बसवायचं आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत जायचं.

अण्णांनी कोल्हापूर डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवली. रत्नागिरी, राजापूर, पणजी, शिवाय आडगावांच्या मुक्कामी गाड्या. आम्ही पोरं त्यांच्या ड्युटीच्या वेळा बघून सण साजरे करायचो. हौसेसाठी म्हणून त्यांनी कधी कुठला रस्ता बघितलेला नाही. रस्ता म्हणजे वेळेत पोचायचं काम. यंदा त्यांना नुसतं बसून बघू द्यायचं आहे.

गाडीत दोनच सीट, मग आईचं काय, हा पहिला प्रश्न. आईनेच तो सोडवला. ती सूनबाई आणि नातीबरोबर एडिसनला राहील आणि आम्ही पोचायच्या दिवशी तिघी विमानाने सॅन फ्रान्सिस्कोला येतील. "मला वाऱ्यात बसवू नका, माझा कान दुखतो," एवढंच म्हणाली.

रात्री अण्णांना फोनवर गाडी दाखवली. पुढून, मागून, छत उघडून. किंमत विचारली नाही, वेग विचारला नाही.

"स्टेपनी कुठं हाय?"

स्टेपनी नाही. डिकीत कप्पा आहे, त्यात पंक्चर बुजवायच्या द्रवाची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. वजन वाचवायला कंपनीनेच पाचवं चाक दिलेलं नाही. हे सांगितलं. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "बघ बाबा. तुझी गाडी, तुझा रस्ता."

२६ जानेवारी

रस्त्याचा निर्णय. तीन पर्याय घेऊन बसलो होतो.

आय-८० हा इंटरस्टेट, म्हणजे राज्याराज्यांतून जाणारा वेगवान महामार्ग, सगळ्यात सरळ. तो आमच्याजवळच्या टीनेकमधून निघतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला संपतो, साधारण २,९०० मैल. एकच रस्ता, एकच नंबर, ट्रकांची रांग. पाच दिवसांत पोचता येईल, पण पोचणं एवढंच करायचं असतं तर तिकीट काढलं असतं.

रूट ६६ सगळ्यांच्या तोंडी असतो. १९२६ मध्ये सुरू झालेला हा शिकागो ते सँटा मोनिका रस्ता १९८५ मध्ये अधिकृत यादीतून काढला गेला. आता तो तुकड्यातुकड्यांनी शोधावा लागतो, शिवाय संपतो लॉस एंजेलिसकडे. आपल्याला उत्तरेला जायचं आहे.

म्हणून यूएस-५०. मेरीलँडमधल्या ओशन सिटीपासून कॅलिफोर्नियातल्या वेस्ट सॅक्रामेंटोपर्यंत जाणारा जुना हमरस्ता. आय-७० आणि आय-८० बाजूने गेल्यामुळे यावरची वाहतूक कमी झाली, पण गावं अजून रस्त्यावरच आहेत. नेवाडातल्या याच्या तुकड्याला 'लाइफ' मासिकाने १९८६ मध्ये अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं होतं. जायला नको अशा सुरात लिहिलेलं ते वाक्य तिथल्या लोकांनी उचललं आणि पाटीवर रंगवलं.

आमचा मार्ग असा: एडिसनहून पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोलच्या महामार्गाने पिट्सबर्ग, पुढे आय-७० ने इंडियानापोलिस, सेंट लुइस, कॅन्सस सिटी. तिथून इंटरस्टेट सोडायचा आणि यूएस-५० धरायचा: एम्पोरिया, डॉज सिटी, प्वेब्लो, मोनार्क पासचा घाट, ग्रँड जंक्शन, युटातलं डेल्टा, नेवाडातली बेकर, ईली, युरेका, ऑस्टिन, फॅलन ही गावं, लेक टाहो, आणि शेवट. सुमारे ३,००० मैल, म्हणजे ४,८०० किलोमीटर. अण्णांच्या हिशेबात कोल्हापूर-मुंबईच्या साडेबारा फेऱ्या.

बारा दिवस, अकरा मुक्काम. दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त स्टिअरिंग धरायचं नाही, हा नियम आजच लिहून ठेवतो.

९ फेब्रुवारी

पेट्रोलचा तक्ता. टाकी ११.९ गॅलनची, म्हणजे ४५ लिटर. हायवेला मला गॅलनमागे ३४-३५ मैलांचं अ‍ॅव्हरेज मिळतं. पश्चिमेचा वारा समोरून येणार आणि चढ आहेत, म्हणून हिशेब ३० नेच धरला. दोन गॅलन कायम राखीव. हातात उरतात ३०० मैल.

कॅन्ससपर्यंत याचा विचारही करायला नको. खरी तपासणी युटापासून. ग्रीन रिव्हर ते सलायना या तुकड्यात १०० मैलांहून जास्त अंतर एकही पंप नाही, आणि हा इंटरस्टेट आहे. पुढे डेल्टा ते बेकर साधारण १००. ईली ते युरेका ७७, युरेका ते ऑस्टिन ७०, ऑस्टिन ते फॅलन ११०. कागदावर सगळं ३०० च्या आत बसतं. पण एका गावात एखाद-दुसराच पंप असला आणि तो बंद असला तर दोन तुकड्यांची बेरीज होते. म्हणून नियम: सलायनाच्या पुढे टाकी अर्धी दिसली की अर्धी भरायची, भाव बघायचा नाही.

आणखी एक गोष्ट आज कळली. कोलोराडो, युटा अशा उंचावरच्या राज्यांत 'रेग्युलर' म्हणून ८५ ऑक्टेनचं, म्हणजे हलक्या प्रतीचं, पेट्रोल मिळतं. आमच्याकडे रेग्युलर ८७ असतं. या इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त आहे, त्याला मुळात प्रीमियमच सांगितलं आहे. तिथे सवयीने डावीकडचं पहिलं बटण दाबायचं नाही.

२२ फेब्रुवारी

बेकरची आणि ऑस्टिनची खोली बुक केली. दोन्ही गावं एवढुशी आहेत, बेकरला जूनमध्ये ग्रेट बेसिन नॅशनल पार्कची गर्दी असते. राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा वार्षिक पास घेतला.

१५ मार्च

आज वाईट दिवस, पण नोंद नीट करायला हवी.

संध्याकाळी कामावरून येताना रूट १ वर खड्ड्यात पुढचं उजवं चाक गेलं. इथे थंडीत डांबराच्या भेगांत पाणी शिरून गोठतं आणि फुगतं, दिवसा वितळतं, आणि मार्चपर्यंत रस्त्याचे लचके निघतात. पावसाचं पाणी साचलेलं होतं, खोली दिसली नाही. ठक्क आवाज आला आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढायला लागलं.

कडेला घेऊन बघितलं तर टायरच्या बाजूच्या भिंतीला बोटभर चीर. या गाडीचा टायर २०५/४५ आर १७, म्हणजे भिंतीची उंची जेमतेम नऊ सेंटिमीटर. खड्ड्याची कड आणि चाकाची रिम यांच्यात ती भिंत चिमटली गेली. बाटलीतला द्रव ओतून काहीच झालं नाही. तो बुजवतो ते खिळ्याचं भोक. चिरेतून सगळा द्रव पांढरा पांढरा होऊन रस्त्यावर आला. मी कॉम्प्रेसर चालू ठेवून पावसात तो फेस बघत बसलो.

टोइंगला सव्वा तास लागला. दुकानात त्या मापाचा टायर नाही. दुसऱ्या दुकानात नाही. मागवला, परवा येईल.

न्यू जर्सीत, भर वस्तीत, परवा. युरेकात कधी?

अण्णांना फोन केला. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. तुला लागलं नाही ना, हे दोनदा विचारलं. मग राधानगरीच्या पुढे, फोंडा घाटात रात्री अकराला पुढचं चाक बसलं होतं तेव्हाची गोष्ट सांगितली. बेचाळीस पॅसेंजर, त्यात एक बाळंतीण. कंडक्टरने बॅटरी धरली, अण्णांनी चाक बदललं आणि गाडी निघाली. "स्टेपनी चांगली होती म्हणून निघाली," म्हणाले. "तिच्यात हवा हाय का नाही, हे मी डेपोतच बघायचो. उतारूला ते दिसत न्हाई. पण आपल्याला म्हाईत पायजे."

२२ मार्च

आठवडाभर याच एका गोष्टीवर बसलो आहे.

स्टेपनी हा शब्द कुठून आला ते वाचलं. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली, त्या काळच्या गाड्यांबरोबर असं चाक येतच नसे. रस्त्याचं नाव चाकाला लागलं. तिकडे ते नाव कधीच मागे पडलं, आपल्याकडे मात्र रिक्षावाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळे तेच म्हणतात. शंभरावर वर्षांनी मोटारी पुन्हा बिनस्टेपनीच्या निघायला लागल्या आहेत.

आणि अ‍ॅलिस रॅम्झी. आमच्या इथल्याच हॅकेनसॅकची, वय २२, जून १९०९ मध्ये न्यूयॉर्कहून मॅक्सवेल गाडीने निघाली आणि ५९ दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. मोटारीने अमेरिका आडवी पार करणारी पहिली बाई. बरोबर तिघी बायका, त्यातल्या एकीलाही गाडी येत नव्हती. ३,८०० मैल, त्यातला अगदी थोडा रस्ता पक्का. मिसिसिपीच्या पलीकडे मार्गदर्शक पुस्तकच नव्हतं, तेव्हा ज्या खांबांवर तारा जास्त त्या दिशेला गाव असणार, असं धरून ती जायची. वाटेत अकरा टायर तिने बदलले.

हे सगळं अण्णांना सांगितलं. तारांचं ऐकून ते खूश झाले. धुक्यात आंबा घाटातून येताना तेही कडेचे पांढरे दगड मोजत यायचे.

निर्णय: पाचवं चाक न्यायचं. पूर्ण मापाचं, रिमसकट.

१९ एप्रिल

जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकणाऱ्याकडे याच मॉडेलचं एक चाक मिळालं, त्यावर नवा टायर चढवला. घरच्या वजनकाट्यावर साडेसोळा किलो भरलं.

ठेवायचं कुठे? डिकी १३० लिटरची. त्यात चाक घालून पाहिलं, मग कपड्यांची एक पिशवीही धड बसत नाही. शेवटी डिकीच्या झाकणावर बसवायचा सामानाचा रॅक घेतला. जुन्या ब्रिटिश टू-सीटर गाड्यांना मागे उघडं चाक लावलेलं असायचं, ते चित्र डोळ्यांसमोर होतं. रॅकचे पाय जिथे टेकतात तिथे रबराचे तुकडे, चाकाच्या मधल्या भोकातून एक जाड बोल्ट आणि दोन रॅचेट पट्टे. छत उघडताना कुठेही अडकत नाही.

गाडीत जॅकही नव्हता. जॅक, पाना, चाकाखाली लावायला दोन लाकडी उटी, पंक्चरच्या रबरी दोऱ्या आणि टोच्या, असं सगळं वेगळं घेतलं. अंगणात एकदा चारही चाकं काढून परत बसवली. शेवटचं सतरा मिनिटांत झालं.

मोठी बॅग विमानाने आईबरोबर जाणार. आमच्या दोघांच्या वाट्याला दोन मऊ पिशव्या.

३ मे

ऑइल बदललं, ०डब्ल्यू-२०. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरलं, कारण जुन्यात ओल शोषलेली असते आणि लांब उतारावर तापून त्याची वाफ झाली की पेडल खाली जातं. कूलंट ठीक. चारही टायर नवे.

१७ मे

अण्णा आणि आई आले. आईच्या बॅगेत भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. अण्णांच्या बॅगेत, बनियनमध्ये गुंडाळून, हवा मोजायचा गेज.

हा गेज मी लहानपणापासून ओळखतो. पितळी, वितभर, तोंडाशी किंचित वाकलेला. वरच्या पट्टीवरचे आकडे निम्मे पुसले आहेत, पण अण्णांना ते बघावे लागत नाहीत, पट्टी किती बाहेर आली यावरून कळतं. खिशात ठेवून ठेवून एक बाजू गुळगुळीत झाली आहे. "डेपोचा नव्हं, माझा हाय," म्हणाले. "पहिल्या पगारात घेतलेला."

जेट लॅग असतानाही पहाटे साडेचारला गॅरेजमध्ये दिवा दिसला. जाऊन बघतो तर अण्णा रॅकवरच्या चाकाचा पट्टा ओढून बघत होते. सैल नव्हता. तरी एक खटका घट्ट केला.

२४ मे

बसण्या-उतरण्याचा सराव. सीट जमिनीपासून फूटभरच वर. अण्णांचे गुडघे एसटीच्या क्लचने गेलेले. आधी पाठ आत, मग बसायचं, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत. उतरताना काचेच्या चौकटीला धरायचं. चारदा करून बघितलं, जमतंय.

मग रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांना चालवायला दिली. कोल्हापूर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला आहे, आणि विम्यात मी त्यांचं नाव घालून घेतलं आहे. पहिल्यांदा डावा हात गिअरकडे गेला आणि दारावर आपटला. दुसऱ्यांदाही. मग त्यांनी डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि नुसत्या उजव्या हाताने, गाडी उभीच ठेवून, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, परत खाली, असं दहा मिनिटं केलं. डोळे समोर. मी एक शब्द बोललो नाही. त्यानंतर गाडी निघाली ती पाण्यासारखी. क्लच कधी सुटला ते शेजारी बसून मला कळलं नाही.

ऑस्टिन ते युरेका हा तुकडा अण्णा चालवणार, असं आजच्या तारखेने तक्त्यात लिहिलं. खरं तर आपण पश्चिमेला जातोय, म्हणून युरेका ते ऑस्टिन. ७० मैल, सिग्नल नाही.

१ जून

एसटीचा वर्धापनदिन. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली. अण्णा दरवर्षी या दिवशी डेपोत नारळ फोडायला जायचे, निवृत्त झाल्यावरही. इथे घरासमोर फोडला, चाकांवर पाणी घातलं, रॅकवरच्या चाकावरसुद्धा.

मग चाचणीफेरी, सगळं सामान भरून. डेलावेअर वॉटर गॅप या नदीच्या खिंडीपर्यंत, जाऊन-येऊन दीडशे मैल, छत उघडं. तीन गोष्टी कळल्या. साठच्या वर वाऱ्याच्या आवाजात अण्णांना माझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणजे इंटरस्टेटवर छत बंद, यूएस-५० वर उघडं. टोपी उडते, कानाखाली बांधायची पट्टी हवी. आणि तिसरी, महत्त्वाची.

परतताना पंपावर अण्णा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि मला ब्रेक दाबायला सांगितला. परत दाबायला सांगितला.

"मधला दिवा दिसत न्हाई. मागच्याला कसं कळायचं?"

तिसरा ब्रेकलाइट डिकीच्या झाकणावर आहे आणि आडवं ठेवलेलं चाक बरोबर त्याच्यासमोर येतं. दीड महिना मी ते चाक रोज बघत होतो. एकदाही मागे उभं राहून ब्रेक दाबायला कुणाला सांगितलं नव्हतं.

५ जून

दिव्याचं काम झालं. ट्रेलरला लावतात तसली एलईडीची लाल पट्टी, चाकाच्या मागच्या कडेला, रॅकला क्लँप करून. वायर मधल्या ब्रेकलाइटच्या जोडणीतूनच घेतली, डिकीच्या रबराखालून बाहेर काढली. पाईपने पाणी मारून बघितलं. अण्णा रस्त्यावर पन्नास पावलं लांब गेले, हात वर केला. दिसतोय.

८ जून

घाटाबद्दल बोलणं. मोनार्क पास ११,३१२ फूट, म्हणजे ३,४४८ मीटर, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. हवा विरळ, दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. १५५ हॉर्सपॉवरचे माथ्यावर शंभराच्या आसपास उरतील. वजन जेमतेम अकराशे किलोच्या घरातलं, म्हणून चढेल. अण्णांना चढाची काळजी नाही, उताराची आहे. "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा ड्रायव्हर न्हवं." तक्त्यात मोनार्कसमोर लिहिलं: तिसरा गिअर, गरज पडली तर दुसरा.

रात्रीचा मुक्काम मात्र वर नाही. प्वेब्लोला झोपायचं, दिवसा घाट ओलांडायचा, ग्रँड जंक्शनला खाली. अण्णांच्या बीपीच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं.

९ जून

आईने प्रवासासाठी हापूसची पेटी बाजूला ठेवली होती. कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर, टाहोच्या अलीकडे-पलीकडे, फळं तपासणारा नाका असतो. आंबे नेवाडा संपायच्या आत संपवावे लागतील. सहाच घेतले. बेकरला दोन राखून ठेवायचे ठरले. तिथलं आकाश भारतातल्या शहरात आता दिसत नाही तसं काळं आहे, ग्रेट बेसिनला २०१६ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला आहे. रात्री छत उघडं टाकून गाडीतच बसायचं. अण्णा म्हणाले मुक्कामी गाडीला ते बसच्या टपावर झोपायचे, तेव्हा असंच दिसायचं.

११ जून

सामान भरून झालं. डिकीत: दोन पिशव्या, जॅक, पाना, उटी, दोऱ्या, दहा लिटर पाणी, पहिल्या मदतीचा डबा, अण्णांची औषधं दोन ठिकाणी विभागून. छापलेले नकाशे सीटमागच्या कप्प्यात, कारण नेवाडात फोनची रेंज तासन्‌तास जाते.

रात्री साडेआठ. इंजिन थंड झाल्यावर हवा. चारही चाकांत २९ पौंड. माझा डिजिटल गेज २९ दाखवतो, अण्णांचा एक पौंड कमी. "तुझाच खरा धर, माझा म्हातारा झालाय," म्हणाले, पण पट्टी तीनदा बघितली. स्टेपनीत ३२ भरली, गरज पडली तर सोडता येते, रानात भरता येत नाही.

मग अण्णांनी पान्याच्या दांड्याने पाचही टायर एकेक करून ठोकले आणि कान देऊन ऐकलं. पाचव्यापाशी जरा जास्त वेळ थांबले.

ओडोमीटर ६१,४१२. पहाटे पाचला निघायचं. अण्णांनी चारचा गजर लावला आहे, आणि मला माहीत आहे, ते साडेतीनला उठतील.